यीस्टचे माहेर कीटकांच्या पोटात

2005 साली ‘मायकॉलॉजिकल रिसर्च’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने यीस्टच्या अभ्यासकांना आपली मोजदाद पुन्हा करायला लावली. अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या मेरेडिथ ब्लॅकवेल, सुंग-ऊई सूह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षे भुंगेरे गोळा केले होते. काही अमेरिकेच्या आग्नेय भागातून, काही पनामातल्या बारो कोलोराडो बेटावरून. या भुंगेऱ्यांच्या आतड्यांतून त्यांनी 650 हून अधिक यीस्ट वेगळी काढून वाढवली. त्यांतल्या किमान 200 प्रजाती तोवर कुणीही नोंदवलेल्या नव्हत्या. जगभरात तेव्हा माहीत असलेल्या यीस्ट-प्रजातींच्या जवळपास तीस टक्के एवढी ही संख्या होती. पाश्चरच्या काळापासून ज्या जिवावर प्रयोगशाळांत, मद्याच्या कारखान्यांत आणि बेकऱ्यांत अखंड काम चालू आहे, त्याचे एवढे मोठे गणगोत नजरेआड राहिले, याचे कारण साधे आहे. यीस्ट जिथे आपल्या उपयोगाला येते तिथेच आपण ते शोधत राहिलो: द्राक्षाच्या रसात, मळलेल्या पिठात, साखर कारखान्याच्या मळीत. ते मुळात राहते कुठे, याची चौकशी फार थोड्यांनी केली. साखर आंबवण्याचे यीस्टचे कसब बऱ्याच अंशी कीटकांच्या सहवासात घडले आहे. तेव्हा नवी आंबवणारी यीस्ट हवी असतील तर कीटकांकडेच जायला हवे. आणि जाताना एखाद्या चमत्कारी यीस्टच्या लोभाने न जाता, नीट नोंदी ठेवून संग्रह करण्याच्या तयारीने जायला हवे.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. भूछत्रे आणि शिळ्या भाकरीवरची बुरशी यांचेच हे नातलग, पण तंतूंऐवजी सुट्या पेशींनी वाढणारे. बहुतेक यीस्टच्या पेशीला कळी फुटते आणि ती सुटी होऊन नवी पेशी बनते. आज सुमारे दोन हजार प्रजातींची नोंद आहे, पण त्या सगळ्या आंबवणाऱ्या नाहीत. इथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. एखादी साखर खाणे वेगळे आणि ती आंबवणे वेगळे. ऑक्सिजन मिळत असताना साखर पुरती जाळून तिच्यावर वाढणे पुष्कळ यीस्टना जमते. ऑक्सिजन तोकडा असताना तीच साखर अर्धवट तोडायची, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचे आणि तेवढ्यावर तगून राहायचे, हे मात्र सर्वांना जमत नाही. ज्यांना जमते त्यांनाही प्रत्येक साखरेच्या बाबतीत जमत नाही. ग्लुकोज आंबवणाऱ्या यीस्टला दुधातले लॅक्टोज आंबवता येईलच असे नाही. पाव आणि मद्य देणारे, आपल्या सर्वांत ओळखीचे ‘सॅकरोमायसिस सेरेव्हिसी’ ग्लुकोज आणि उसाची साखर झपाट्याने आंबवते. लाकूड, पेंढा, चिपाडे यांच्यात भरपूर असलेल्या झायलोज या साखरेपुढे ते हात टेकते. कोणत्या यीस्टने कोणती साखर आंबवावी, हे त्याच्या पूर्वजांना कोणत्या साखरेच्या सान्निध्यात दिवस काढावे लागले यावर पुष्कळसे ठरते. म्हणून यीस्टचा गुण तपासताना त्याचा पत्ताही विचारावा लागतो.

यीस्टला पंख नाहीत, आणि भूछत्रांसारखे वाऱ्यावर बीजाणू उधळण्याची सोयही बहुतेक प्रजातींकडे नाही. ज्या साखरेवर ते जगते ती तर विखुरलेली आणि अल्पजीवी. आज उमललेले फूल उद्या गळते, पिकलेले फळ चार दिवसांत संपते, झाडाच्या जखमेतून पाझरणारा रस सुकून जातो. एका गोडव्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायचे तर वाहक हवा, आणि त्याच गोडव्याच्या मागावर असलेला कीटक हा सर्वांत भरवशाचा वाहक. बेल्जियममधील लूव्हेन इथल्या संशोधकांनी 2014 साली एक नेमका प्रयोग केला. सॅकरोमायसिसमध्ये फळांसारखा वास निर्माण करणारे एक जनुक आहे. ते काढून टाकल्यावर चिलटे त्या यीस्टकडे कमी वळू लागली आणि साहजिकच त्याचा प्रसारही घटला. बिअरच्या ज्या सुवासाची रसिक वाखाणणी करतात, तो कीटकाला बोलावण्यासाठी उपयोगी पडतो. इटलीतील फ्लोरेन्सच्या अभ्यासकांनी 2012 मध्ये दुसरा प्रश्न सोडवला: द्राक्षे नसतात त्या हिवाळ्यात हे यीस्ट कुठे असते? त्यांना ते गांधीलमाशीच्या निद्रिस्त राणीच्या आतड्यात मिळाले. वसंतात राणी नवे पोळे उभारते, अळ्यांना भरवते आणि त्या घासाबरोबर यीस्टही पुढच्या पिढीच्या स्वाधीन करते. 2016 साली इटलीतल्याच संशोधनातून पुढे आले की गांधीलमाशीच्या आतड्यात यीस्टच्या वेगवेगळ्या वाणांचा, एवढेच नाही तर दोन जवळच्या प्रजातींचाही संकर घडतो. गोव्यात फेणीसाठी काजूच्या बोंडांचा रस परंपरेने बाहेरून यीस्ट न घालताच आंबतो आणि कोकणातली माडी झाडावरच्या मडक्यातच फसफसू लागते. अशा ठिकाणी रानटी यीस्टची जी ने-आण होते तिच्यात माश्या, मधमाश्या आणि मुंग्या यांचा वाटा असतो. माणसाने आंबवण्याची विद्या उचलली तेव्हा ही देवघेव केव्हाच चालू झालेली होती.

या साऱ्यात लाकूड खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. पासॅलिड कुळातले भुंगेरे पडलेल्या, कुजत चाललेल्या ओंडक्यात बोगदे पाडून राहतात. उत्तर अमेरिकेतला ‘ओडोंटोटिनियस डिसजंक्टस’ हा सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा चकचकीत काळा भुंगेरा त्यांपैकीच. याच कुळातले दुसरे भुंगेरे सह्याद्रीच्या दमट जंगलांतही आढळतात. आई, बाप आणि पिल्ले एकाच ओंडक्यात नांदतात. आईबापांनी भरडलेला भुसा आणि त्यांची विष्ठा यांच्या मिश्रणावर अळ्या वाढतात. लाकडात सेल्युलोज असते, लिग्निन असते आणि या दोहोंत गुंतलेले हेमिसेल्युलोज असते. रुंद पानांच्या झाडांच्या लाकडातले हेमिसेल्युलोज फुटले की त्यातून मुख्यतः झायलोज मिळते. म्हणजे या भुंगेऱ्याच्या पोटात झायलोजचा रोजचा रतीब असतो, आणि आतड्याच्या काही भागांत ऑक्सिजन जवळपास नसतोच. झायलोज आंबवणारे यीस्ट घडायला याहून सोयीची जागा क्वचितच असेल. 2003 साली लुइझियानाच्या याच गटाने पेनसिल्वेनियापासून लुइझियानापर्यंत ठिकठिकाणचे हे भुंगेरे तपासले. हजार किलोमीटरहून लांब अशा त्या पट्ट्यात झायलोज आंबवणारे ‘शेफरसोमायसिस स्टिपिटिस’, म्हणजे तेव्हाच्या नावाने ‘पिकिया स्टिपिटिस’, किंवा त्याचे जवळचे नातलग पुन्हा पुन्हा हाती आले. 2006 साली त्याच भुंगेऱ्यातून ‘स्पॅथास्पोरा पासॅलिडारम’ या नव्या यीस्टचे वर्णन झाले. ते इतके निराळे होते की त्याच्यासाठी नवा वंशच स्थापावा लागला, आणि भुंगेऱ्याच्या कुळाचे नाव त्याला कायमचे चिकटले.

स्टिपिटिसची कथा तर नवी प्रजाती नोंदवून ठेवण्याचे मोल काय असते ते सांगणारी आहे. हे यीस्ट 1967 साली प्रथम नोंदवले गेले, ते फ्रान्समध्ये एका कीटकाच्या अळीतून मिळाले म्हणून. उद्योगाच्या दृष्टीने तेव्हा त्याला काहीच किंमत नव्हती. वर्णन छापले गेले, जिवंत नमुन्याला क्रमांक मिळाला आणि तो नेदरलँड्समधल्या यीस्ट-संग्रहात जाऊन बसला. पुढे 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईने लाकूड आणि शेतातला काडीकचरा यांपासून इंधन बनवण्याचा विचार जगभर सुरू झाला आणि झायलोज कोण आंबवेल याचा शोध सुरू झाला. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी संग्रहातली 200 प्रजातींची यीस्ट काढली. ही सगळी ग्लुकोज आंबवणारी आणि झायलोजवर वाढू शकणारी होती. 1984 साली त्यांनी निकाल जाहीर केला. बहुतेकांनी झायलोजपासून नाव घेण्याजोगे अल्कोहोल बनवलेच नाही. दर लिटरमागे एक ग्रॅमहून अधिक अल्कोहोल देणाऱ्या प्रजाती निघाल्या फक्त सहा. त्या सहांत स्टिपिटिस होते. 2007 साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला आणि झायलोज आंबवण्याच्या अभ्यासात ते आज मापदंड म्हणून वापरले जाते. या हकिकतीतून दोन गोष्टी निघतात. झायलोज खाणारी यीस्ट भरपूर असली तरी आंबवणारी फार विरळ आहेत, म्हणून शोध जाणून-बुजून योग्य जागी करावा लागतो. आणि 1967 साली कुणी अळीतले ते यीस्ट ‘याचा उपयोग काय’ म्हणून फेकून दिले असते, तर सतरा वर्षांनी कपाटातून काढायला ते राहिलेच नसते.

नवी प्रजाती सापडली असे म्हणायला काय काय करावे लागते, हे सामान्य वाचकाला सहसा सांगितले जात नाही, त्यामुळे बातमीत ती लॉटरीसारखी वाटते. प्रत्यक्षात काम चिकाटीचे आहे. भुंगेरा आणल्यावर त्याला एक ते तीन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे अन्नाबरोबर आलेले पाहुणे जंतू बऱ्यापैकी बाहेर पडतात. मग त्याचे अंग अल्कोहोलने निर्जंतुक करून आतडे काढतात, मिठाच्या निर्जंतुक पाण्यात ते कुटतात आणि आम्लयुक्त खाद्यमाध्यमावर पसरतात. आम्लामुळे जीवाणू दबतात आणि यीस्टना वाव मिळतो. वाढलेल्या ठिपक्यांतून एकेक यीस्ट शुद्ध करून घेतात. आंबवण्याची चाचणी दिसायला अगदी साधी असते. साखरेचे द्रावण असलेल्या परीक्षानळीत एक छोटी नळी उपडी ठेवतात. यीस्टने साखर आंबवली तर निघालेला वायू त्या उपड्या नळीत जमतो. अशी चाचणी एकेका साखरेसाठी वेगळी करावी लागते. ओळख पटवण्यासाठी पूर्वी याच चाचण्यांवर भिस्त होती. 1998 साली अमेरिकेतील कर्टझमन आणि रॉबनेट यांनी सुमारे 500 यीस्ट-प्रजातींच्या रायबोसोमशी संबंधित जनुकाचा साधारण 600 अक्षरांचा तुकडा वाचून एक कामचलाऊ नियम दिला: एकाच प्रजातीच्या वाणांत या तुकड्यात तीनपेक्षा जास्त अक्षरांचा फरक सहसा नसतो, आणि सहा किंवा अधिक अक्षरे वेगळी निघाली तर प्रजाती बहुधा वेगळी. भुंगेऱ्यांच्या आतड्यातली 200 अनोळखी यीस्ट ओळखता आली ती या नियमाच्या जोरावर. त्यापूर्वी एवढ्या संख्येला एकेक साखर तपासत बसायचे तर आयुष्य पुरले नसते.

असे काम आपल्या जवळही झाले आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी रेशमाच्या अळीच्या आतड्यातून मिळालेल्या एका यीस्टचे 2018 साली नवी प्रजाती म्हणून वर्णन केले. ‘ब्लास्टोबॉट्रिस बॉम्बिसिस’ हे त्याचे नाव, आणि ते झायलोज आंबवते. यात लक्ष वेधणारी बाब ही की रेशमाची अळी लाकूड खात नाही, तुतीची पाने खाते. पण पानाच्या पेशींच्या भिंतींतही हेमिसेल्युलोज असतेच. ज्या कीटकाला माणूस हजारो वर्षे पाळतो आहे, ज्याच्या खाण्यापिण्याची आणि रोगराईची बारकाईने नोंद ठेवतो आहे, त्याच्या पोटातही झायलोज आंबवणारे अनोळखी यीस्ट निघते. मग ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहिलेले नाही अशा सह्याद्रीतल्या, गडचिरोली-मेळघाटातल्या लाकूडखाऊ कीटकांत काय असेल, याचा अंदाज बांधायला हरकत नाही. नोंदवलेल्या कीटक-प्रजाती जगात दहा लाखांच्या घरात आहेत आणि त्यांतले तीन लाखांहून अधिक भुंगेरेच आहेत. त्यांपैकी ज्यांच्या आतड्यांत कुणी यीस्टसाठी डोकावले असेल असे अगदी मूठभर.

या विचारावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की आतड्यात सापडले म्हणजे ते तिथलेच, हे कशावरून? कीटकाने कुजके लाकूड खाल्ले, त्यातले यीस्ट पोटात गेले, ते तपासणीत मिळाले. यात सहवास कसला? आक्षेप रास्त आहे, आणि काही यीस्टच्या बाबतीत खराही आहे. ब्राझीलमधील संशोधकांना ॲमेझॉनच्या जंगलात झायलोज आंबवणाऱ्या स्पॅथास्पोराच्या अनेक नव्या प्रजाती मिळाल्या त्या कीटकात नव्हे, कुजक्या लाकडातच. पण उपाशी ठेवलेल्या भुंगेऱ्यात, दूरदूरच्या राज्यांत, तेच ते यीस्ट मिळत राहते तेव्हा योगायोगाची सबब टिकत नाही. शिवाय पासॅलिडांच्या घरात आईबापांची विष्ठाच पिल्लांचे अन्न असल्यामुळे यीस्ट पुढच्या पिढीकडे पोचण्याचा मार्ग उघड आहे. याहून ठोस पुरावा एका वेगळ्या भुंगेऱ्यात मिळतो. तंबाखू, हळद, मिरची यांना लागणाऱ्या ‘लॅसिओडर्मा’ या बारीक तपकिरी भुंगेऱ्याच्या आतड्याला यीस्टसाठी खास पिशव्या असतात. मादी अंड्यांवर यीस्टचा लेप देते आणि अळी बाहेर येताना अंड्याचे कवच खाऊन ते मिळवते. 1944 साली इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांत असे दिसले की यीस्ट काढून घेतलेल्या अळ्यांना ब गटातली जी जीवनसत्त्वे बाहेरून पुरवावी लागतात, त्यांतली बरीचशी यीस्ट बाळगणाऱ्या अळ्यांना लागत नाहीत. म्हणजे कुठे यीस्ट कीटकाच्या शरीराचाच भाग झाले आहे, कुठे ते नेमाने येणारे-जाणारे आहे, कुठे केवळ वाटसरू आहे. या तिन्हींतला फरक करणे हेच तर संशोधकाचे काम, आणि त्यासाठी यीस्टबरोबर कीटकाचीही नोंद हवी.

दुसरा आक्षेप जनुक-अभियांत्रिकीच्या बाजूने येतो. सॅकरोमायसिसला झायलोज आंबवता येत नसेल तर तसे जनुक त्यात घालावे. रानोमाळ भुंगेरे कशाला शोधायचे? पण घालायचे जनुक आणायचे कुठून, हा प्रश्न उरतोच. सॅकरोमायसिसला झायलोज शिकवण्याचे पहिले यशस्वी प्रयत्न झाले ते कीटकातून आलेल्या स्टिपिटिसचीच जनुके उसनी घेऊन. त्यात पुढे एक अडचण आली. झायलोजवर दोन एन्झाइम पाठोपाठ काम करतात. पहिल्याला एका प्रकारचे सहायक रेणू अधिक मानवतात, तर दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारचे लागतात. दोन्हींचा मेळ बसला नाही की पेशी अर्ध्या वाटेवर अडते आणि अल्कोहोलऐवजी झायलिटॉल हा पदार्थ साचतो. या अडचणीतून सुटण्याचा एक मार्ग डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी 2003 साली दाखवला. त्यांनी सर्वस्वी वेगळ्या पद्धतीने झायलोज वळवणाऱ्या एका एन्झाइमचे जनुक वापरले, आणि ते मिळाले होते हत्तीच्या विष्ठेतल्या ‘पायरोमायसिस’ या बुरशीतून. स्पॅथास्पोरा पासॅलिडारममध्ये तर निसर्गाने दुसरा तोडगा आधीच काढून ठेवलेला आढळला: त्याच्याकडे पहिल्या एन्झाइमचे असे एक रूप आहे की दोन्ही पायऱ्यांचा सहायक रेणूंचा हिशोब जुळतो. ऑक्सिजन नसतानाही ते झायलोज आंबवते आणि ग्लुकोजबरोबरच झायलोजही वापरते. सामान्यतः यीस्ट आधी ग्लुकोज संपवतात आणि मगच दुसऱ्या साखरेला हात लावतात. प्रयोगशाळेतली कारागिरी कितीही पुढे गेली तरी तिला लागणारा कच्चा माल जंगलातून येतो. भुंगेरा काय किंवा हत्ती काय, वनस्पतींच्या भिंती पचवण्याचा प्रश्न ज्यांच्यापुढे कोट्यवधी वर्षे आहे त्यांच्या पोटातूनच उत्तरे मिळत आली आहेत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे आपल्याकडे आंबवण्याचा धंदा मोठा झाला. पण तो मुख्यतः मळी, उसाचा रस आणि धान्य यांवर चालतो, आणि त्याला सॅकरोमायसिस पुरेसे आहे. पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प हरियाणातील पानिपत इथे ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल अशी त्याची आखणी होती. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. अशा प्रकल्पात यीस्ट हा एकच खर्च नसतो. काडी गोळा करून आणणे, ती वाफ आणि आम्लाने फोडणे, सेल्युलोज तोडणारी महागडी एन्झाइम घालणे, यांतच मोठी रक्कम जाते. शिवाय काडी फोडताना फरफ्युरल आणि ॲसेटिक आम्ल यांसारखे यीस्टला जाचणारे पदार्थ तयार होतात, आणि रानटी यीस्ट त्यांच्यापुढे लवकर मान टाकतात. जास्त अल्कोहोलही त्यांना सोसत नाही. भुंगेऱ्याच्या पोटातून काढलेले यीस्ट उद्या सरळ कारखान्याच्या टाकीत ओतता येईल, असे जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. उसाची चिपाडे आपल्याकडे वाया जात नाहीत. कारखान्याच्या बॉयलरमध्ये ती जळतात आणि त्यांवर वीज तयार होते. विदर्भ-मराठवाड्यातली पऱ्हाटी आणि तुराट्या यांची गोष्ट वेगळी, तिथे काडी पुष्कळदा शेतातच पेटवली जाते.

एवढे मान्य करूनही या शोधाची गरज कमी होत नाही, कारण आक्षेपाचा रोख चुकीच्या अपेक्षेवर आहे. काडीतल्या साखरेचा मोठा हिस्सा झायलोज असतो. तो न वापरता सोडून द्यायचा तर प्रकल्पाचे गणित पहिल्याच पायरीवर कच्चे राहते. म्हणून कसले तरी झायलोज आंबवणारे यीस्ट लागणारच, मग ते रानटी असो वा घडवलेले. आणि इथेनॉल हा यीस्टचा एकमेव उपयोग नाही. भुंग्यांच्या मधातून 1970 च्या सुमारास कॅनडात मिळालेले ‘स्टारमेरेला बॉम्बिकोला’ साखर आणि तेल यांपासून सोफोरोलिपिड नावाचा साबणासारखा पदार्थ बनवते. निसर्गात सहज विघटन होणाऱ्या स्वच्छताद्रव्यांत तो आज वापरला जातो. मधाचा अभ्यास करताना साबण मिळेल, असे कुणी ठरवले नव्हते. शेतीचे कीटकशास्त्रही यात आले. मावा आणि इतर किडी खाणाऱ्या ‘क्रायसोपर्ला’ या हिरव्या जाळीपंखी मित्रकीटकातून 2004 साली तीन नवी यीस्ट वर्णिली गेली, आणि भातावरच्या तपकिरी तुडतुड्याच्या शरीरात राहणारे यीस्टसदृश जीव त्याच्या टाकाऊ युरिक आम्लातला नायट्रोजन त्याला परत मिळवून देतात. किडीचे खाणे-पचवणे ज्या सूक्ष्मजीवावर अवलंबून आहे तो ओळखला, तर किडीची दुखरी नस कळते. इंधनाचा भाव उद्या पडला तरी ही माहिती जुनी होत नाही.

म्हणून शोधाची पद्धत बदलायला हवी, एवढाच आग्रह आहे. ‘अमुक ग्रॅम अल्कोहोल देणारे यीस्ट सापडले’ एवढ्याच निष्कर्षावर प्रबंध संपतो आणि विद्यार्थी बाहेर पडताच फ्रीजमधली नळी वाळून जाते, ही आपल्या प्रयोगशाळांची नेहमीची रड आहे. यीस्ट कोणत्या कीटकाच्या आतड्याच्या कोणत्या भागातून आले, तो कीटक कोणत्या झाडाच्या ओंडक्यात होता, जागा आणि ऋतू कोणता, याची नोंद नसेल तर ते यीस्ट निनावी पत्रासारखे निरुपयोगी ठरते. जपण्याची सोय पुण्यातच आहे: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे आणि आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने देशातल्या सजीवांवरच्या हक्काची चौकटही घालून दिली आहे. पण जे यीस्ट आपल्या संग्रहात नोंदलेलेच नाही त्याच्यावर हक्क सांगणे अवघड. आम्लयुक्त माध्यम, उपड्या नळ्या आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढे साहित्य जिल्ह्याच्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातही असते. 600 अक्षरांचा जनुकाचा तुकडा वाचून घेणेही आता आवाक्यात आले आहे. साखर कारखान्यांच्या संशोधन निधीतून आणि विद्यापीठांच्या प्रकल्पांतून कीटकतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञ यांची जोडी करून हे काम तालुक्या-तालुक्यांत सुरू करता येईल. वनखात्याला सांगायचे ते इतकेच की जंगलात पडलेला ओंडका हा कचरा नाही. साफसफाईच्या नावाखाली तो उचलला की भुंगेरा जातो आणि त्याच्याबरोबर त्याचे यीस्टही जाते. कोणत्या यीस्टचा उपयोग कधी होईल हे आज ठरवण्याचा हट्ट सोडावा. आज ओळखून, नाव देऊन, संग्रहात ठेवावे. 1967 साली अळीतले यीस्ट जपणाऱ्यांनी याहून अधिक काही केले नव्हते.